वजाबाकीतले वीस

म्हसा गावच्या जत्रेतून बायकोने गुडघ्यांसाठी पावडर आणली. तपकिरी, सुंठीच्या वासाची, लहान लहान पुड्यांत बांधलेली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, जंगलातली मुळी आहे, सकाळी पेजेबरोबर चिमूटभर घ्या.

त्याआधी ती भांडी घासायला बसली की उठताना भिंत धरायची. पावडर सुरू झाली आणि भिंत सुटली. पावसात ती चिखलात उतरली. आमच्याकडे लावणी सावडीने होते: आज सगळ्या बायका आमच्या शेतात, मग आमची बाई त्यांच्या शेतात. आधीची काही वर्षं तिच्याऐवजी आम्ही मजूर बाई पाठवायचो. ते चालतं, पण ते तिला आवडत नव्हतं. आता ती स्वतः जात होती आणि बांधावर सगळ्यात मोठ्याने बोलत होती.

मग तिचा चेहरा भरला. गोल झाला, गाल लालसर. शेजारच्या घरातली माझी वहिनी म्हणाली, “काय गो, या वयात उजळलीस! भावजी काय खायला घालतात तुला?” सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी मुरबाडला एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. असा चेहरा कशाने होतो ते मला ठाऊक होतं.

साहेबांना खरं सांगून, मशीन मोकळं असताना, एका पुडीतला नमुना मी मास स्पेक्ट्रोमीटरवर लावला. हे मशीन रेणूचं वजन करतं. रेणूला विजेचा भार देऊन आत सोडायचं, वजन बघायचं, मग वायूच्या कणांवर आपटून तो फोडायचा आणि तुकड्यांची वजनं घ्यायची. हातातून पडलेलं कौल दर वेळी वेगळं फुटतं. रेणूचं तसं नाही. त्याचे सांधे ठरलेले असतात आणि सारख्या जोराने आपटला की तो त्याच सांध्यांवर तुटतो, म्हणून तुकड्यांवरून मूळ ओळखता येतं. मात्र भार असलेलेच तुकडे मशीनला दिसतात. बाकीचे पंपातून निघून जातात. ते काय होते हे आपण वजाबाकी करून काढायचं.

पडद्यावर ३९३ आलं. फोडल्यावर ३७३. म्हणजे वीस वजनाचं काहीतरी गळालं होतं. झाडपाल्यातल्या रेणूंतून पाणी गळतं, ते अठरा. वीस म्हणजे हायड्रोजन आणि फ्लोरिन. आमच्या डोंगरातल्या कुठल्याही मुळीत असं फ्लोरिन नसतं. पुढचा तुकडा ३५५, तिथे मात्र साधे अठरा गळाले होते. मी वजाबाकी कागदावर पुन्हा केली. वीसच.

मशीनमधल्या नोंदींशी ताडून पाहिलं तर दोन नावं निघाली, दोन्ही स्टेरॉइडची, दुखणं दाबणारी आणि चेहरा असा फुगवणारी. भावंडंच ती. वजन एक, तुकडे जवळजवळ तेच, फक्त एक फांदी एकात वर आणि दुसऱ्यात खाली. दोघांना वेगळं करायला लागणारे शुद्ध नमुने आमच्याकडे नव्हते, त्यामुळे पावडरीत नेमकं किती आहे हेही सांगता येईना. दुसरी पुडी लावली तर आलेखातलं तेच शिखर जवळपास तिप्पट उंच. म्हणजे चिमटीगणिक मात्रा वेगळी.

घरी आल्यावर तिला सांगितलं, “यात औषध मिसळलंय.”

“मग? औषध म्हणूनच घेते ना मी.”

“मुळीचं नाय गो. कारखान्यातलं. हाडं पोकळ होतात, साखर वाढते.”

“तुमच्या मशीनला गुडघे हायेत काय?” ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी शहापूरच्या डॉक्टरांकडे मुकाट्याने आली.

डॉक्टरांनी विचारलं, किती घेत होत्या? त्या एका प्रश्नाला माझ्याकडे आकडा नव्हता. ते म्हणाले, एकदम बंद केलं तर जीवावर बेतेल. बाहेरून मिळतंय म्हणून शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. मोजक्या गोळ्या देतो, हळूहळू कमी करू.

गोळ्या कमी होत गेल्या तशी ती पुन्हा भिंत धरू लागली. मी उरलेल्या पुड्या फेकण्यासाठी मागितल्या.

“त्या नायत. वहिनींना दिल्या.”

“कधी?”

“शहापूरहून आलो तवाच. त्या तर आधीपासून घेतात. बांधावर पेज वाटायची, तीत मीच घालायची चिमूटभर त्यांना. ज्याचा गुण येतो ते टाकून कसं द्यायचं?”

वहिनीला मधुमेह आहे.

मी लगेच पलीकडे गेलो. वहिनी आवणाच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी बांधून निघायच्या तयारीत होती. मी वीस, अठरा, फ्लोरिन काही काढलं नाही. साखर वाढेल एवढंच सांगितलं, आणि उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला म्हणालो.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “भावजी, तुमची बायको चालत व्हती तवर समदं बरं व्हतं. ती बसली, आता मलाबी बसवायला आलात?”

“तसं नाय वहिनी—”

“मग कसं? तुमच्या घरच्या सावडीचा दिवस आज मीच भरते. तिच्या वाटचं कोण लावनार? मशीन?”

पुड्या तिच्या कमरेच्या बटव्यात होत्या. हिसकावून घेता येत नव्हत्या, कारण एकदम थांबवणं हाच धोका होता. ठेवू देणंही बरोबर नव्हतं. कुठल्या पुडीत किती आहे हे तिला कळायचा मार्ग नव्हता आणि मलाही नव्हता. “निदान साखर तपासून घ्या,” असं मी म्हणालो. ते मलाच फार लहान वाटलं.

“लावणी झाल्यावं बघू,” ती म्हणाली. मुठींचा भारा डोक्यावर घेऊन ती निसरड्या बांधावरून झपझप निघून गेली, माझ्या बायकोच्या वाटचा दिवस भरायला. तिचेही गाल भरलेले मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.