लोडरच्या आर्मखाली

छाणीच्या वर्कशॉपमध्ये मी जायचं ते दुसरी नोकरी मिळेपर्यंतच, असं घरात ठरलं होतं. मी ज्या फॅक्टरीत होतो ती बंद पडली होती, आणि ताईचे यजमान ट्रॅक्टरचे लोडर अन् ट्रॉल्या दुरुस्त करायचे. त्यांचा भागीदार नुकताच सोडून गेला होता. जीजाजी गुजराती. आमचं घर शहरातल्या पाणीगेटचं, मराठी. आजोबा संस्थानच्या महसूल खात्यात, वडील सरकारी कचेरीत. ताईच्या लग्नानंतर घरात बरेच दिवस अबोला होता आणि तो मिटवायला मीच मध्ये पडलो होतो. त्यामुळे "भाई, थोडो वखत मदद करो ने," असं जीजाजी म्हणाले तेव्हा नाही म्हणवलं नाही. पुढे दोन वर्षं गेली तरी म्हणवलं नाही.

माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. पण दुपारी जेवायला बसलो की पहिली भाकरी ते माझ्या ताटात वाढायचे. गिऱ्हाइकांना "हे आमचे इंजिनिअर, आता दुकान यांचंच" असं सांगायचे. पुण्याच्या एका मित्राने त्याच्या कंपनीत माझ्यासाठी जागा पाहून ठेवली होती. रोज सकाळी स्कूटरवर मी सांगायचं वाक्य जुळवायचो. छाणीला पोचलो की जीजाजी माझ्यासाठी चहा झाकून उभे असायचे, आणि वाक्य तोंडातच राहायचं.

अशात एका वीटभट्टीचा जुना ट्रॅक्टर आला. त्याच्या पुढे लोडर बसवलेला होता: दोन बाजूंना दोन जाड लोखंडी आर्म आणि टोकाला माती उचलायची बकेट. आर्म उचलणारा कंट्रोल व्हॉल्व गळत होता. वर नेलेली बकेट आपोआप खाली यायची. जुन्यासारखा व्हॉल्व मिळेना, म्हणून दुसऱ्याच बनावटीचा आणला. त्याच्यावर पंपाकडून तेल येण्याचं आणि टाकीत परत जाण्याचं तोंड तेवढं लिहिलेलं होतं. सिलिंडरकडे जाणारी तोंडं आपणच ओळखायची. सिलिंडरमध्ये तेल खालून भरलं की आर्म वर जातो, वरून भरलं की खाली दाबला जातो. पाइप उलटे लागले तर व्हॉल्व चालवायच्या दांड्याची दिशाही उलटी होते. चालू करून बघायचं, उलटं निघालं तर पाइप बदलायचे, अशी आमची रीत होती.

व्हॉल्वची जागा पुढच्या चाकामागे होती. तिथे हात पोचावा म्हणून आर्म वर ठेवून खाली सागाचा जाड टेकू दिला होता. आर्मचे दोन्ही पाइप मी व्हॉल्वला लावले, एक घट्ट केला. दुसरा घट्ट करायला चाकावर पोट टेकून वाकलो आणि टेकू उभा चिरला.

आवाज ऐकू आला तोवर आर्म पाठीवर होता. एकदम आदळला असता तर हे सांगायला मी राहिलो नसतो. वीतभर खाली आला आणि तेलाने त्याला धरलं. पण मग तो हळूहळू बसू लागला. गालावर गरम तेल ठिबकत होतं. श्वास सोडला की तेवढी जागा आर्म घ्यायचा, आणि पुढचा श्वास आधीच्यापेक्षा लहान यायचा. उजव्या हातात पाना तसाच होता. तेल येत होतं तो सैल राहिलेला जोड बोटांनी चाचपला, त्यावर पाना बसवला आणि ओढत राहिलो. ठिबकणं थांबलं. आर्मही थांबला.

जीजाजी धावत आले. "शुं थयुं? हलू नका, भाई, हलू नका!" त्यांनी एकट्याने आर्मला खांदा लावून पाहिला. मग शेजारच्या ट्रकच्या गॅरेजमधून जॅक आणायला पळाले. जाताना त्यांनी ताईला हाक मारली. वर्कशॉपच्या वरच त्यांचं घर होतं; ती तिथून तशीच उतरली आणि चाकापाशी मातीत बसली. ओढणीने माझं तोंड पुसू लागली.

"ताई," मी म्हणालो, "पुण्यात नोकरी मिळतेय मला."

तिचा हात थांबला. "हे आत्ता सांगतोयस?"

"एरवी जमत नाही."

"कधीपासून?"

"झाला महिना."

ती रडायला लागली, आणि रडतच माझ्या डोळ्यांतलं तेल पुसत राहिली. "जा तू," ती म्हणाली. "मी सांगते त्यांना. आधी यातून नीघ."

जॅक आला. जीजाजींनी आर्मखाली लावून दांडा फिरवला. ट्रॅक्टरच कलू लागला. आर्म जागचा हलेना.

"चालू करुं?" ते ओरडले. "इंजिनने उचलतो! कई बाजु ऊंचुं थाय? दांडा पुढे की मागे?"

"चालू करू नका!" मी म्हणालो. कारण मलाही ठाऊक नव्हतं. दांडा चुकीच्या बाजूला गेला असता तर पंपाने मला चाकात दाबलं असतं.

तसाच अडकून मी विचार करत राहिलो. आर्म वर जायचा तर सिलिंडरच्या वरच्या भागातल्या तेलाला बाहेर वाट हवी, आणि ती आता व्हॉल्वने बंद होती. ओझ्याखाली जो जोड गळत होता तो खालच्या भागाचा. म्हणजे दुसरा वरचाच.

"माझ्या हाताजवळचा नाही, त्याच्या पलीकडचा जोड सोडा," मी सांगितलं.

"आणि चुकलं तर?"

"खाली जॅक आहे. सोडा."

त्यांचा पाना दोनदा घसरला. मग तेल भस्सकन उडालं आणि जॅकचा दांडा फिरू लागला. पाठीवर हवा लागली. ताईने काखेत हात घालून मला बाहेर ओढलं.

दोन बरगड्या मोडल्या होत्या. मी घरी पडून होतो तेव्हा जीजाजींनी तो ट्रॅक्टर चालू केला. दांडा वर न्यायच्या बाजूला ओढला तर आर्म खाली गेला. हे त्यांनी मला घरी येऊन सांगितलं.

ताईने पुण्याचं त्यांना सांगितलं होतं. "जा, खुशीथी जा," ते म्हणाले. पण त्या दिवसानंतर ते उचललेल्या आर्मखाली जाऊ शकले नाहीत. जवळ गेले की घाम फुटायचा. वर्कशॉपचं निम्मं काम तेच होतं. गिऱ्हाईक आलं की ते बाहेर खुर्ची टाकून बोलत बसायचे, आणि मी बरा होऊन परतल्यावर आत मीच जायचो.

मित्राचा पुन्हा फोन आला, तेव्हा महिनाभर थांब म्हणालो. नंतर फोन आला नाही. ताई सुरुवातीला विचारायची, "पुण्याचं काय?" मी म्हणायचो, बघतो. काही दिवसांनी तिने विचारणं सोडलं, आणि मला त्याचा राग आला. तो राग तिच्यावर काढावा असं काही तिने केलं नव्हतं. जीजाजींनी तर नाहीच. दिवाळीच्या आधी त्यांनी पाटीवर त्यांच्या आडनावाशेजारी माझं आडनाव रंगवून घेतलं आणि मला बोलावून दाखवलं. रंग अजून ओला होता. मी म्हणालो, "छान झालंय."