अर्धा घंटा वाऱ्याला जायचं न्हाई

गयाबाई माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी नाक. मंठ्याच्या मुलींच्या शाळेत मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं, तेव्हा ओसरीवर झाडू घेऊन उभी असलेली एक उंच, काटक म्हातारी माझं नावगाव न विचारता म्हणाली, "नाक कवापासून गळून राह्यलं?" जालन्याहून मोटारीने धूळ खात मी आले होते. पहिलीच नोकरी, नवं पातळ, हातात नेमणुकीचा कागद. स्वागताची माझी कल्पना जरा वेगळी होती. "दोन दिवस झाले," मी निमूटपणे कबूल केलं.

गयाबाई शाळेची शिपाईण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शाळेच्या मागच्या खोलीतच राहायची. तिने मला त्या खोलीत नेऊन चुलीपुढे बसवलं. फुफाट्यात दोन हिरवी मोसंबी पुरली. तांब्याभर पाण्यात गूळ, सुंठ आणि ठेचलेले मिरे घालून ते उकळायला ठेवलं. मोसंब्यांची सालं काळी पडल्यावर तिने भांडं चुलीवरून खाली घेतलं आणि मगच त्यात फळं पिळली. "चुलीवर असताना पिळलं की कडूजहर होतं," ती म्हणाली. तो वाफाळता, आंबटगोड, नाकात चढणारा रस मी प्याले. मग तिने माझ्या अंगावर घोंगडी टाकली. "आता अर्धा घंटा वाऱ्याला जायचं न्हाई." मला हजर व्हायचंय, मी म्हटलं. "व्हा की. न्हाई कोन म्हनतं? अर्ध्या घंट्यानं व्हा." असं म्हणून ती बाहेर गेली आणि दाराला बाहेरून कडी लावली. माझ्या नोकरीचा पहिला अर्धा तास मी कोंडलेल्या अवस्थेत काढला. नाक मात्र मोकळं झालं, हे मान्य केलं पाहिजे.

मोसंबी ती विकत आणत नसे. गावाबाहेरच्या मळ्यात मोसंबीची थोडी झाडं होती. गळून पडलेली आंबटढाण फळं मळेवाला फेकून द्यायचा, ती गयाबाई ओटीत भरून आणायची. चांगली फळं मागायची तिला सोय होती, पण ती ऐकायची नाही. "पडेल फळ पडेल मानसाला बराबर लागू पडतंय," असा तिचा सिद्धांत होता. त्याला आधार काही नव्हता, आणि विरोध करायची कोणाची छाती नव्हती.

तिचं खरं काम झाडलोटीचं नव्हतं, मुली गोळा करण्याचं होतं. रोज सकाळी ती गल्लीगल्लीतून दारं ठोठावत हिंडायची. पटावर पंचवीस नावं होती. वर्गात दहा-बारा मुली दिसल्या तर मी देवाचे आभार मानायचे. कोणी भाऊ सांभाळायला घरी, कोणी कापूस वेचायला. पण ते उघड कोण सांगणार? सगळ्यांची सबब एकच, पोरीला पडसं झालंय.

त्याच हिवाळ्यात वरून हुकूम आला. तपासणीच्या दिवशी वीस मुली हजर नसतील तर शाळा मुलांच्या शाळेत विलीन. कागदावर 'विलीन' शब्द मोठा गोंडस दिसत होता. पण पोरांच्या शाळेत पोरी पाठवणारं घर अख्ख्या गावात तेव्हा एक नव्हतं, म्हणजे मुलींचं शिकणं संपलं. मी हुकूम वाचून दाखवला तेव्हा गयाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "माझ्या बापानं मला शाळंत घातलं न्हाई. मंग म्या ठरवलं, दुसऱ्याच्या पोरी तरी घालीन. आता त्याच्यावर बी कागद आला."

दुसऱ्या दिवसापासून तिने दारातलं भाषण बदललं. "पडसं झालंय? मंग तर पाठवाच! शाळंत औषद हाय." आणि खरोखरच मधल्या सुट्टीत ती चुलीवर मोठं पातेलं चढवायला लागली. पितळी पेल्यातून रस, अंगावर आळीपाळीने घोंगडी, आणि अर्धा तास वर्गातून हलायचं नाही. आयांची पंचाईत झाली, कारण सबब त्यांचीच होती. आठवड्याभरात वर्ग पंधरावर गेला. ज्यांना काहीच झालं नव्हतं अशा मुलीसुद्धा इतक्या मन लावून खोकायच्या की मला पाढे थांबवावे लागत.

तपासणीचे साहेब आले ते नेमके सांगितलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी. त्या दिवशी गावाशेजारच्या मळ्यात कापसाची वेचणी होती आणि वर्गात मुली होत्या नऊ. शाळा गेली, असंच मी धरून चालले. लांब कोट, गळ्याला मफलर, कपाळावर आठ्या. साहेबांनी हजेरीपट उघडला आणि त्यावरच तीनदा शिंकले.

गयाबाई दारात उभी होती. तिने आधी नऊ मुलींकडे पाहिलं, मग साहेबांच्या नाकाकडे.

"साहेब, असलं पडसं घेऊन लेकरांत बसू नका. मागं चला."

"मला वेळ नाही," साहेब म्हणाले.

"वेळ मला बी न्हाई. पन नाक तुमचं हाय." आणि त्यांचा हजेरीपट काखोटीला मारून ती चालायला लागली. पट सरकारी होता. साहेबांना त्याच्या मागे जाणं भाग पडलं.

थोड्या वेळाने मी डोकावून पाहिलं तर साहेब चुलीपुढे मांडी घालून पेल्यात फुंकर मारत होते. मग घोंगडी. मग ते प्रसिद्ध वाक्य. मग बाहेरून कडी. "तुमी शिकवत राव्हा," मला म्हणाली, आणि पदर खोचून ती जी पळाली ती थेट मळ्याकडे. साठीच्या घरातली बाई तशी पळताना मी पुन्हा कधी पाहिली नाही.

मी नऊ मुलींकडून मोठ्याने कविता म्हणवून घेत राहिले, साहेबांना बाहेरचं काही ऐकू येऊ नये म्हणून. हळूहळू दारातून एकेक मुलगी आत सरकायला लागली. एकीच्या केसांत कापूस, एकीच्या हाताला ज्वारीचं पीठ, एकीच्या कडेवर झोपलेला भाऊ. शेवटी धापा टाकत गयाबाई आली. डोक्यांना हात लावत तिने मोजलं. एकोणीस. अजून एक? मी डोळ्यांनीच विचारलं. तिने मान हलवली. पटावरच्या बाकीच्या सहा जणी आईबापांबरोबर परगावी वेचणीला गेलेल्या; आता गावात कोणी उरलं नव्हतं.

कडी काढली. साहेब घामाघूम बाहेर आले आणि दोन्ही नाकपुड्यांनी खोल श्वास घेतला. मग त्यांनी मुली मोजल्या. पुन्हा मोजल्या. "एकोणीस," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातसुद्धा थोडी हळहळ होती.

गयाबाईने झाडू भिंतीला टेकवला. शेवटच्या ओळीत जाऊन मांडी घालून बसली, शेजारच्या पोरीची पाटी ओढून मांडीवर घेतली.

"ही कोण?" साहेब म्हणाले. मी भिंतीवरचा नकाशा बघायला लागले.

"इसावी," गयाबाई म्हणाली.

"नाव?"

"गया."

"वय?"

"तुमच्या मनानं लिवा."

साहेबांनी खिशातून हुकूम काढला, नीट उलगडला, वरपासून खालपर्यंत वाचला. मग परत वाचला. "यात वयाचा उल्लेख नाही," ते शांतपणे म्हणाले आणि पटावर तिचं नाव लिहून हजेरी मांडली. जाताना मात्र दारात वळून म्हणाले, "नाव लागलंय बाई. आता रोज बसावं लागेल."

त्यांनी ते गमतीने म्हटलं असावं. गयाबाईने गमतीने घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी झाडलोट उरकून, पातेलं चढवून ती शेवटच्या ओळीत येऊन बसली. हजेरीला "हाय!" असं गल्लीभर ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडली. अक्षरं तिला जड गेली. रागाने पाटी उलटी करून ठेवायची, पुन्हा सुलटी करायची. चिमुरड्या पोरी तिचा हात धरून गिरवून घ्यायच्या आणि चुकली की खुशाल रागवायच्या. तीन वर्षं तिची एक गैरहजेरी नाही. शाळाही टिकली, पुढे तर पटावर चाळीस नावं झाली.

मग माझी बदली तीर्थपुरीला झाली. मोटारीपाशी गयाबाई आली ती कोरड्या डोळ्यांनी. एक चौघडी कागद माझ्या मुठीत कोंबला. "मोटार हालल्यावर वाचा. आन जल्दी जा आता, डायवर बोंबलून राह्यला." आणि पाठ फिरवून ती शाळेकडे निघून गेली; हजेरीची वेळ झाली होती.

पेन्सिलीने, एकेक अक्षर कोरून लिहिलेलं होतं:

"पडेल मोसंबी दोन. फुफाट्यात भाजा. पान्यात गूळ सुंठ मिरे उकळा. भांडं खाली घ्या मंग पिळा. गरम प्या. तिथं तुमाला कोन देनार. अर्धा घंटा वाऱ्याला जायचं न्हाई. गया. हजेरी नंबर वीस."

मी पदराने नाक पुसत राहिले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पडसं झालं का हो?"

"हो," मी म्हटलं, आणि खिडकीची काच लावून घेतली.