रोगाच्या साली गोपीचंदची घोडी

मोहाडीच्या पंचक्रोशीत ज्याचं लग्न व्हायचं, तो आधी गोपीचंदच्या घोडीवर बसायचा आणि मग संसाराला लागायचा. घोडीचं नाव मैना. पांढरी, जरा पोट सुटलेली, आणि बँडवाल्यांपेक्षा तालाला पक्की. गोपीचंद स्वतः मात्र बिनलग्नाचा. लगाम धरून तो वरातीत असा तरंगत चालायचा की लोक चिडवायचे, "काहून गा, नवरदेव तू आहेस का थो?" तो नुसता हसायचा. खरं सांगायचं तर प्रत्येक वरात त्याला थोडी आपलीच वाटायची.

सत्याऐंशीच्या हिवाळ्यात घोड्यांचा रोग आला. नाकातून पिवळं वाहायचं, मानेवर गाठी उठायच्या. सरकारी डॉक्टर आले, सर्दी आहे म्हणाले आणि पुड्या देऊन गेले. आठवडी बाजारातली टट्टं पटापट मरू लागली तेव्हा तेच डॉक्टर परत आले. आता म्हणाले, रोग भयंकर आहे, माणसालाही होतो, आजारी जनावरं मारावी लागतील. सर्दी म्हणतानाही त्यांचा आवाज इतकाच ठाम होता, हे कोणी विसरलं नाही.

कुंताबाईचं टट्टू त्यातच गेलं. तिचा नवरा गोमाजी तलावात जाळं टाकायचा आणि ती मासळी टट्टूवर लादून बाजाराला न्यायची. टट्टू धडधाकट होतं, चारा खात होतं. तरी रक्त तपासून त्याला गोळी घातली, वर चुना टाकून पुरलं. मग निरोप आला की रक्ताच्या बाटल्यांची अदलाबदल झाली होती. बस, एवढाच निरोप. कुंताबाई रडली नाही. पण सरकारी जीप दिसली की ती रस्त्याकडे पाठ करून उभी राहायची. मैनेचंही रक्त नेलं होतं. तिला का सोडलं, ते कोणी सांगितलं नाही.

उन्हाळ्यात भोंगा लावलेली जीप गावोगाव फिरली. तालुक्यातला रोग गेला, उरलेले घोडे निरोगी आहेत, असं ओरडत गेली. लोकांनी उलटाच अर्थ लावला. सरकार निरोगी म्हणतं म्हणजे दाल में कुछ काला आहे! नवरदेव बैलबंडीत बसून जाऊ लागले आणि ऐन लग्नसराईत मैना बोरीखाली बांधलेलीच राहिली.

लांब कुठं बँड वाजला की ती जागच्या जागी पाय उचलायची. गोपीचंद बाजेवर पडून ते बघत राहायचा. मोहफुलांचा वास यायचा, उन्हाची झळ हलायची, मैनेचे खूर हलायचे. त्याला वाटायचं, वरात निघालीच आहे, आपल्यालाच तेवढी दिसत नाही. त्या गुंगीत तो सुखी असायचा. मग वीटभट्टीवाला भैय्यालाल आठवायचा आणि गुंगी उतरायची. घोडीला चारायला काही उरलं नव्हतं. या आठवड्यात वरात मिळाली नाही, तर मैना भट्टीवर विटा ओढायला जाणार होती. तिथून जनावर परत येत नाही.

अशाच एका दुपारी कुंताबाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या मुलाचं, तुलारामचं लग्न ठरलं होतं.

"गोपीचंद, घोडी चांगली आहे का नाई, थे तू सांग. जीपवाले काय म्हनते थे मले नोको सांगू."

'ठणठणीत' हा शब्द त्याच्या ओठांवर आलाच होता. तेवढं म्हटलं की मैना वाचत होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती शेपटीनं माश्या हाकत होती.

"मले नाई मालूम, काकी," तो म्हणाला. "रोज सकारी बरगडीले कान लावतो. तिच्याच बालटीतलं पानी पेतो. मले काई झालं नाई. पन आतमंदी काय आहे, थे कसं सांगू? तुमचा पोरगा बसनार आहे."

कुंताबाई उंबऱ्यावर बसली आणि टट्टू गेल्यापासून पहिल्यांदा रडली.

"येवढं त्या जीपवाल्यायतला कोनी बोलला असता ना, का 'मालूम नाई'! तं मीच टट्टूचा दोर धरून देला असता. सोमवारी घेऊन ये घोडी."

सोमवारी मांडवापुढं मैना उभी राहिली तशी माणसं मागं सरकली. बँडवालेही दूरच थांबले. निघण्याआधी नवरदेवाच्या आईनं घोडीला भिजवलेली चण्याची डाळ भरवायची, असा रिवाज. कुंताबाई ओंजळ भरून पुढं आली. मैनेनं अर्धी डाळ खाल्ली. उरलेली, लाळेनं ओली झालेली डाळ कुंताबाईनं सगळ्यांसमोर आपल्या तोंडात टाकली.

"अवो, थुक! थुक थे!" गोमाजी ओरडला.

ती सावकाश चावत राहिली. सगळी डाळ गिळल्यावर गोपीचंदकडे वळून म्हणाली, "बसव माह्या पोराले. काई झालंच तं थे माह्यावर. तुह्यावर नाई."

गोपीचंदनं लगाम धरला, पण तुलारामचा पाय रिकिबीत तिनंच घातला.