पालखीच्या दिवशीची पाहणी

आमच्या शेजारचं भाट, म्हणजे बागायतीची जमीन, पूर्वी काजूचं होतं. डिचोलीकडे खाणींना जोर आला, तसे शेजाऱ्यानं एका उन्हाळ्यात काजू तोडले, जमीन सपाट केली आणि स्वतःचे ट्रक तिथं आणून उभे केले. मग दुसऱ्यांचेही भाड्यानं ठेवू लागला. भाट उंचावर, आमची विहीर त्याच्या खाली. ट्रक धुतलेलं लाल पाणी, गळलेलं ऑईल, डिझेल, सगळं मुरत मुरत आमच्याकडे. पाण्यावर तवंग दिसायला लागला. भाताला वास, कढीला वास. मी लग्न होऊन आले तेव्हा बाजारातून परतणारी माणसं वाट वाकडी करून आमच्या सोप्यावर पाणी प्यायला थांबत. आता पाहुणे माझ्या हातचा चहा अर्धा ठेवून उठत आणि वर म्हणत, "पोट भरलंय हो." राग येईल नाही तर काय होईल!

मी शेजाऱ्याला बोलले. तो हसला. "वयनी, पाण्याचं कसलं घेऊन बसलीस? मी टँकर पाठवतो ना."

"माझ्या दारात विहीर असताना तुझा टँकर मी का घेऊ रे?" म्हटलं. त्यावर पुन्हा हसला. चोर तो चोर आणि वर शिरजोर.

माझा नवरा शाळामास्तर. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. त्याच्यामागे भुणभुण लावून मी पंचायतीत अर्ज करवला, मग पणजीला करवला. सरकारी नकाशात ते भाट बागायतीच्या झोनमध्ये होतं, तिथं धंद्याच्या गाड्या ठेवायला मनाई. कागद सगळा आमच्या बाजूचा. शेवटी पणजीहून निरोप आला, साहेब जागा बघायला येतील, गावाला सोयीचा दिवस कळवा.

आणि इथं आमच्या गावानं अक्कल पाजळली. पंचायतीत ठरलं, पालखीचा दिवस! का, तर पणजीला आणि वास्कोला नोकरी करणारेही त्या दिवशी घरी असतात, साक्षीला अख्खा गाव मिळेल. नवरा खुशीत सांगत आला. मी कपाळावर हात मारला.

"अहो, पालखी जाते कुठून? त्याच भाटाच्या कडेनं ना? देवीच्या वाटेवर त्या दिवशी काडीसुद्धा ठेवत नाहीत. आणि हा बाबा स्वतः पालखीला खांदा देतो. तो ट्रक ठेवील तिथं?"

नवऱ्याचा चेहरा उतरला. "पण आता कळवलंय. परत बदला म्हणून सांगणं बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही! तेलकट पाणी पिणं तेवढं बरं दिसतं.

साहेब सकाळीच आले. भाट कसं होतं म्हणून सांगू? झाडलेलं, शेणानं सारवलेलं, कडेला आंब्याच्या पानांचं तोरण, मधोमध रांगोळी. ट्रकाचं नावसुद्धा नाही. शेजारी नवं धोतर नेसून हात जोडून उभा. साहेब म्हणाले, "जागा छान ठेवलीय हो."

"सारवणाखाली ऑईल आहे, साहेब," मी म्हटलं. "जरा उकरून बघा."

"देवकार्याची जागा मी उकरू?" त्यांनी चपला तर आधीच काढल्या होत्या.

मी साक्षीदारांकडे पाहिलं. सगळा गाव हजर, आणि सगळ्या गावाची दातखिळी बसलेली. पालखीच्या दिवशी कोणाचं वाईट बोलू नये, ही आमच्याकडची रीत. काल रात्रीपर्यंत त्या ट्रकांना शिव्या घालणारे लोक माडांचे शेंडे न्याहाळत होते. साहेबांनी लिहून घेतलं, जागेवर एकही वाहन नाही. "मी दिसतं तेच लिहिणार, बाई." मी दिलेल्या पाण्याच्या पेल्याला त्यांनी हात लावला नाही. प्रसाद घेतला आणि दुपारच्या बसनं पणजीला गेले.

संध्याकाळी पालखी आमच्या दारात आली. खांदा देणाऱ्यांचे पाय घरच्या विहिरीच्या पाण्यानं धुवायचे, मग ओवाळायचं. मी ताजी कळशी काढली. पहिल्याच दांडीला शेजारी. मी कळशी कलती केली मात्र, त्यानं पाय मागे घेतला.

"वयनी, ह्या पाण्यान नाका गो," तो हळूच म्हणाला. "वास येता. देवीची पालखी खांद्यावर आसा."

ओरडून विचारलं असतं, मेल्या, तुझ्या पायांना जे चालत नाही ते आम्ही रोज पितो त्याचं काय? पण पालखी दारात होती. माझीही दातखिळीच बसली. मागून कोणीतरी दुसऱ्या घरची कळशी पुढे केली आणि त्या पाण्यानं त्याचे पाय धुतले. शेजाऱ्याचं वाक्य आसपासच्या सगळ्यांनी ऐकलं. ज्यांनी लिहून घ्यायचं ते तेवढे नव्हते.

उजाडायच्या आत ट्रक भाटात परत आले. अर्ज पुन्हा केले, पण दर वेळी तेच उत्तर, पाहणीत वाहन आढळलेलं नाही. दोन पावसाळ्यांनंतर पाणी भांडी घासायच्याही लायकीचं उरलं नाही, तेव्हा आम्ही विहीर बुजवायची ठरवली. त्याला माती लागते, माती आणायला ट्रक लागतो. नवऱ्यानं शेजाऱ्यालाच सांगितलं. मातीचा ट्रक आला, तशी मी घरात जाऊन दार लावून घेतलं.