वशिंड नसलेली कालवड

पिढ्यानपिढ्या अंधारात चाचपडणाऱ्या खेड्याच्या दारात विज्ञान येऊन उभं राहिलं, तो दिवस मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. ते सकाळच्या एसटीनं आलं. म्हणजे यायचं होतं. कंडक्टरच्या सीटखाली ठेवलेला थर्मास फाट्यावर उतरवायचा राहून गेला, विज्ञान पार खेडपर्यंत जाऊन दुपारच्या गाडीनं परत आलं, आणि तोवर त्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं.

थर्मासात जर्सी वळूचं वीर्य होतं. मी तेव्हा पशुसंवर्धन खात्यात स्टॉकमन, म्हणजे पशुवैद्याचा मदतनीस होतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर माझी नेमणूक चाकणच्या अलीकडे, निघोज्याच्या शेजारच्या एका गावात झाली. उपकेंद्र म्हणजे जुन्या चावडीची मागची खोली. आत एक टेबल, एक कपाट आणि एक नोंदवही. बाहेर गाय उभी करायला लाकडी खोडा. गावातल्या गाई तांब्याभर दूध देत. सरकारचं म्हणणं असं, की या गाईंना नळीनं परदेशी बीज दिलं तर त्यांच्या कालवडी बादलीभर देतील. म्हणणं चुकीचं नव्हतं. भिंतीवर लावायला आलेल्या पत्रकात मात्र शेतकरी, त्याची बायको, उगवता सूर्य आणि गाय असे चौघेही हसत होते. तेवढं मला जास्त वाटलं.

गावात एक वळू आधीपासून कामावर होता. ग्रामदैवताच्या नावानं सोडलेला, पांढराशुभ्र, काळ्या शेपटीचा. वशिंड म्हणजे गाईबैलांच्या खांद्यावरचा मांसल उंचवटा. आपल्या जनावरांना तो असतो, जर्सीला नसतो. या वळूचं वशिंड एवढं मोठं होतं की चालताना ते एका बाजूला कलायचं. तो कोणाच्याही शेतात चरे, कोणी हुसकत नसे. त्याला नोंदवही नव्हती, लक्ष्यांक नव्हता आणि बदलीची भीतीही नव्हती.

मला वाटलं होतं, लोक माझ्याकडे फिरकणार नाहीत. पण दोन-तीन महिन्यांत गाई यायला लागल्या. मी खूश. वरिष्ठांना तसं कळवलंही. मग एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. माझ्या खिडकीतून दोन वाटा दिसत. एक वस्तीकडे जाणारी, एक देवळाकडे. खोड्यातून सोडलेली गाय घराकडे जायची ती देवळाकडे वळायची.

एकदा मी एका म्हाताऱ्याला हटकलं. "बाबा, तुमचं घर तर इकडं."

"व्हय की."

"मग गाय तिकडं कुठं चालली?"

"तुमचं झालं, आता देवाचं," तो म्हणाला.

"अहो, एकदा केलं की पुरे असतं."

"आसंल. पण तुमची नळी पुण्याहनं येती, डॉक्टर. परवासानं दमलेली आसती बिचारी. आपला बैल हितंच हाय."

मी डॉक्टर नव्हतो हे सांगायचं मी एव्हाना सोडून दिलं होतं. देवळाकडच्या वाटेबद्दल बोलायचंही त्या दिवशी सोडलं. नोंदवहीत तारीख, मालकाचं नाव, गाईचं वर्णन आणि वापरलेलं बीज एवढेच रकाने होते. गाय नंतर कुठे गेली असा रकाना नव्हता. महिन्याचा लक्ष्यांक भरत होता. मला संध्याकाळी कंदिलापाशी पुस्तक वाचायला निवांत वेळ मिळत होता. आपण गप्प राहिलो तर कोणाचं नुकसान होणार नाही, असं मी स्वतःला पटवलं होतं. ते पटायला फारसा वेळ लागला नाही.

नुकसान कोणाचं होणार ते वर्षभरानं कळलं. गावाच्या पूर्वेला बौद्ध वस्ती होती. तिथल्या एका बाईंनी आपली एकुलती एक गाय माझ्याकडे आणली होती. त्यांचे मालक भोसरीला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते, सायकलनं जात-येत. गाय घरामागे, वर्कशॉपमधून आणलेल्या जुन्या पत्र्यांच्या गोठ्यात बांधलेली असे. चारा बाई डोक्यावरून आणत. ती गाय व्याली आणि तिला कालवड झाली. बदामी रंगाची, आखूड तोंडाची, मोठ्या डोळ्यांची.

त्याच सुमाराला गावात आणखी सोळा वासरं माझ्या नोंदवहीप्रमाणे संकरित जन्मली. सोळाही पांढरी होती.

कालवड चारेक महिन्यांची झाल्यावर बाई उपकेंद्रात आल्या. "डॉक्टर, तिला वशिंड कदी येणार?"

"जर्सीच्या वासराला वशिंड नसतं, बाई."

"मग बाकीच्यांच्या वासरांना कसं हाय? त्यांनाबी नळी तुमीच घातली."

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं. पण ते द्यायचं तर नोंदवहीतल्या सोळा ओळी खोट्या आहेत हे कबूल करावं लागलं असतं. मी म्हणालो, "एकेका वासराचं असतं तसं."

"गावात हसत्यात. म्हनत्यात, पाठ बघा, गाढवीन वाटती. सरकारी दवाखान्यानं वस्तीला उरलंसुरलं दिलं म्हनत्यात."

"हसू द्या."

"तुमचं काय जातंय," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

पुढे भोसरीच्या वर्कशॉपला टाळं लागलं. बाईंचे मालक घरी बसले. कालवड आता आठ महिन्यांची होती आणि तिचं खाणं देशी वासराच्या दुप्पट. नुसत्या गवतावर ती वाढण्यातली नव्हती. मालकांनी ठरवलं, शनिवारी चाकणच्या बाजारात नेऊन मिळेल त्या भावाला सोडायची. बाईंचा जीव तिच्यात होता, पण सदोष वासरासाठी घरात भांडायचं कोणत्या तोंडानं, असं त्या शेजारणीला म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. त्या वासरात काहीही दोष नाही हे पंचक्रोशीत एकट्या मला माहीत होतं. मी दोनदा वस्तीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो.

याच वेळी सरकारची नवी योजना आली. अल्पभूधारक आणि भूमिहीन यांच्या संकरित कालवडीला पहिल्या वेतापर्यंत, म्हणजे ती व्यायेपर्यंत, अर्ध्या किमतीत पशुखाद्य. वासरू संकरित असल्याचा दाखला अधिकाऱ्यानं प्रत्यक्ष पाहून द्यायचा. त्यासाठी गावात संकरित वासरांचा मेळावा ठरला, बाजाराच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी. त्या दिवशी सकाळी मात्र मी वस्तीत गेलो आणि मालकांना म्हणालो, "उद्याचा बाजार आहेच. आज मेळाव्याला आणा."

"हसायला का?" ते म्हणाले.

"आणा तर खरं," बाई आतून म्हणाल्या. "एवढं हसलेत, आनि एक दीस हसतील."

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. कमानीला केळीचे खुंट बांधले होते. अध्यक्ष म्हणून पंचायत समितीचे सभापती येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी लेझीम होतं, लाउडस्पीकर होता आणि एक इसम दर पाच मिनिटांनी 'हॅलो, हॅलो' म्हणत होता. बक्षिसं टेबलावर मांडली होती. पहिलं बक्षीस स्टीलची चरवी. तिच्यावर 'उत्कृष्ट संकरित वासरू, प्रथम क्रमांक' असं आधीच कोरून आणलं होतं. ती कोणाला मिळणार हेही आधीच ठरलं होतं. सरपंचांच्या वासराच्या शिंगांना, म्हणजे शिंगं येणार होती त्या जागेला, हिंगूळ लावला होता.

सभापती यायच्या आत तालुक्याचे पशुवैद्यकीय अधिकारी, म्हणजे माझे साहेब, तपासणीला निघाले. कमी बोलणारे गृहस्थ. मी नोंदवही घेऊन मागे. पहिलं वासरू सरपंचांचं. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच ठेवून मला विचारलं, "हे काय आहे?"

"वशिंड, साहेब."

"वहीत काय लिहिलंय?"

"संकरित."

ते पुढच्या वासराकडे गेले. हात ठेवला. मग त्याच्या पुढच्या. चार-पाच वासरांनंतर त्यांनी हात लावायचं सोडून दिलं, नुसते बघत चालले. तेवढ्यात कमानीपाशी गडबड झाली. देवाचा वळू मेळाव्याला आला होता आणि केळीचा खुंट खात होता. त्याला कोणी हाकललं नाही. 'हॅलो, हॅलो' म्हणणाऱ्या इसमानं माइकवरूनच त्याला नमस्कार केला. साहेबांनी वळूकडे पाहिलं, रांगेतल्या सोळा पांढऱ्या वासरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमचा जर्सी देवळात राहतो का हो?"

मी गप्प राहिलो. एवढ्या दिवसांच्या सरावानं ते मला जमत होतं.

रांगेच्या शेवटी, कुंपणाला टेकून बाई आणि मालक कालवड घेऊन उभे होते. मांडवाची सावली तिथवर पोचत नव्हती. कोणीतरी मागून म्हणालं, "आली बघा गाढवीन." साहेब थांबले. त्यांनी कालवडीच्या पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवला. पाठ सपाट, टेबलासारखी. दोनदा फिरवला.

बाई घाईनं म्हणाल्या, "वशिंड न्हाई आलं, सायेब. डॉक्टर म्हनले, एकेकाचं असतं."

"डॉक्टर असं म्हणाले?" साहेबांनी माझ्याकडे न बघता विचारलं. "बाई, नळी घातल्यावर तुम्ही गाय देवळाकडे नेली नव्हती?"

"आमी कशाला नेऊ?" त्यांचा आवाज जरा चढला. "सासऱ्यांनी दीक्षा घेतली तवापासून घरात देवाचा नारळ न्हाई. देवाचा बैल कुठनं आनायचा?"

"गोठ्यात कधी तो वळू आला?"

"पत्र्याचं दार हाय. आतनं कडी."

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्याच नोंदवहीवर कागद ठेवून दाखला लिहून बाईंना दिला. एकच. मग वही मिटून मला म्हणाले, "सतरापैकी एक. आता यांना सांगा, काय झालं ते. मी सांगणार नाही."

मी सांगितलं. उभ्यानंच, तिथेच कुंपणापाशी. वासरात दोष नाही, उलट गावात खरी संकरित कालवड तेवढी एकच आहे, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मालक खाली बघत होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मग तवाच का न्हाई सांगितलं?"

"नोंदवहीमुळं," मी म्हणालो. दुसरं कारण शोधूनही सापडलं नाही.

"उद्या बाजारात गेली असती ती," त्या म्हणाल्या. रागानं नाही. कडब्याची गंजी पावसात भिजली असती, असं सांगावं तशा. मग दाखला घडी करून त्यांनी पदराला बांधला आणि कालवड घेऊन निघाल्या. सभापती तेवढ्यात आले, त्यामुळे लेझीम बाईंच्या जाण्याच्या वेळेलाच वाजलं.

पहिलं बक्षीस ठरल्याप्रमाणे सरपंचांच्या वासराला मिळालं. साहेबांनी हरकत घेतली नाही. बक्षिसाला दाखल्याची अट नव्हती. सभापती विज्ञानाबद्दल पाऊण तास बोलले आणि हाताशी दुसरं काही नसल्यामुळे अधूनमधून वळूच्या पाठीवर थाप मारत राहिले. पुढच्या महिन्यात मला साहेबांची लेखी समज आली, ती रास्त होती. वहीत मी 'गाय नंतर कुठे गेली' असा एक नवा रकाना हातानं आखला. त्यामुळे माझा लक्ष्यांक तीन वर्षं भरला नाही.

शनिवारी कालवड बाजारात गेली नाही. पशुखाद्याची पोती, अधूनमधून उशिरा, पण येत राहिली. अडीच वर्षांची असताना ती व्याली. भोसरीत तोवर खोल्याखोल्यांतून कामगार दाटले होते, मराठवाड्यातले, कोकणातले, आणि शिफ्टवरून आलेल्या माणसाला चहाला दूध लागतं. मालकांनी लेथचा नाद सोडला. सायकलला दोन्ही बाजूंना किटल्या लावून ते पहाटे भोसरीला रतीब घालायला जाऊ लागले.

सरपंचांची ती बक्षीस मिळालेली कालवडही यथावकाश व्याली. दूध तांब्याभर. घर मोठं, पाहुण्यांचा राबता मोठा. माझी बदली होईपर्यंत त्यांचा गडी रोज सकाळी वस्तीत बाईंच्या दारात दूध न्यायला येऊन उभा राहायचा. भांडं म्हणून तो बक्षिसाची चरवी आणायचा. तिच्यात अडीच लिटर मावायचं.