चाचांनी न पकडलेला नर

आमच्या अंबरपेठेतल्या गच्चीवरून माझा कबुतराचा पांढरा नर उडाला की विमानं त्याला वाट पुसायची. मी हे सांगायला लागलो की बायको भाजी निवडता निवडता म्हणते, "हो, आणि चंद्रावर दाणे टिपायचा." टिपतही असेल. मी काही वर जाऊन पाहिलेलं नाही.

हे कबूतर एकाएकी मलूल झालं. पिसं फुगवून कोपऱ्यात बसायचं. मी गल्लीभर सांगितलं, नजर लागली, आणि तीही समोरच्या चाचांची! चाचाही माझ्यासारखेच जुने कबूतरबाज, दुसऱ्याची कबुतरं पकडायचा खेळ खेळणारे, म्हणजे माझे हाडवैरी. मी खुराड्याला लिंबू-मिरची टांगली, तुपातले बदाम भरवले. एवढे बदाम माझ्या सासऱ्यांनाही कधी मिळाले नाहीत. आता ताकद आलीच असणार, म्हणून नराला उडवलं.

तो कसाबसा घिरटी घेऊन चाचांच्या गच्चीवर कोसळला.

संपलं! आमच्यातला कायदाच तसा : दुसऱ्याच्या गच्चीवर उतरलेलं कबूतर दुसऱ्याचं. मागायला जायचं नसतं. मी कठडा धरून उभा. तेवढ्यात चाचाच जिना चढून आले. हातात बनियनमध्ये गुंडाळलेला माझा नर.

"मेरी नजर लगी बोले तुम?"

"छे हो चाचा, मी कशाला..."

"हौ, पूरी गल्ली सुनी. बीमार कू पकडे तो क्या शिकार, मियाँ? चलो डाक्टरनी के पास."

सिकंदराबादपर्यंत मी स्कूटर अशी हाणली की सिग्नलही घाबरून हिरवे झाले. डॉक्टरबाईंनी पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतलं, काचेवर पसरून रंगवलं आणि आम्हाला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. तांबड्या पेशींत घुसून, मधल्या केंद्रकाला विळखा घालून परजीवी बसले होते. पिसांत पळणारी चपटी माशी चावते, तिच्यातून ते रक्तात येतात म्हणे.

"खुराडं साफ करता का?" बाईंनी विचारलं.

"रोज उदबत्ती लावतो," मी म्हणालो. चाचा खोकत बाहेर गेले.

मग औषध सुरू झालं. चाचा रोज येऊन, मला शिव्या घालत, नराच्या पिसांतल्या माश्या वेचायचे. माझं खुराडं त्यांनी स्वतः खरवडून काढलं. सख्खा भाऊ करणार नाही.

बरा होऊन नर पुन्हा उडाला आणि उतरला कुठे? चाचांच्याच गच्चीवर!

"अब तो तंदुरुस्त है मियाँ," चाचा ओरडले. "रख लूँ?"

"रख लो चाचा!" माझा आवाज मुसी नदीपार गेला असेल. आणि तेवढं एक वाक्य मी कसलाही मीठमसाला न लावता बोललो होतो.

चाचांनी पंख उचलून माशी नाही ना ते पाहिलं, आणि त्याला माझ्या गच्चीकडे उडवून दिलं.