नंदाचा दादा आज चढावर उभा होता

मंडळी, शर्यतीचे फोटो टाकीन म्हटलं होतं, पण आज हात धजत नाही. सायबर कॅफेत बसून एवढंच लिहितेय.

आज आमच्या रत्नागिरीत डोंगरी मॅरेथॉन होती. मी आणि माझी मैत्रीण नंदा पावसाळा संपल्यापासून भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत आणि पुढच्या चढावर रोज एकत्र धावत होतो. तिचे वडील, आप्पा, हॉस्पिटलात होते. ती नाव मागे घेणार होती, पण आप्पांनीच बजावलं, "माझ्यापाशी बसून काय करशील? धाव जा."

सगळ्यात अवघड चढाच्या माथ्यावर तिचा दादा उभा होता. आम्हाला बघून जोरजोरात टाळ्या वाजवायला लागला. नंदा धावतच ओरडली, "दादा, आप्पांना सांग, न थांबता चढले!"

"सांगतो गो, तू धाव."

शर्यत संपली तिथे तो स्कूटरने आधीच पोचला होता. मेडल गळ्यात पडताच नंदा म्हणाली, "चल, आधी आप्पांना दाखवू."

त्याने तिचा हात धरला. "नंदा, आप्पा पहाटेच गेले."

"मग टाळ्या कशा वाजवल्यास रे?"

"रात्री म्हणाले होते, काही झालं तरी तिला मध्येच थांबवू नको." एवढं बोलून तो रस्त्यातच खाली बसला आणि रडायला लागला. नंदाने त्याला दोन बुक्के मारले, मग त्याच्याच गळ्यात पडली.

मला अजून कळत नाहीये. त्याच्या जागी तुम्ही असता, तर टाळ्या वाजवल्या असत्या?